आहे, पण सापडत नाही

तांबोळी सर एरर कधीच स्वतः वाचत नाहीत. आपण जाऊन म्हणायचं, "सर, लिंकर एरर आलीये," की ते खुर्ची गर्रकन फिरवतात, स्क्रीनकडे पाठ करतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "वाचा."

"सर, अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिम्बॉल म्हणतंय."

"ते नुसतं आडनाव झालं. पूर्ण नाव वाचा."

मग भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सुरू करायचं: "प्रश्नचिन्ह, ओपन, ॲट, कॅमेरा, ॲट, ॲट, क्यू, ए, ई..." एखादं ॲट गाळलं, तर डोळे न उघडता सर म्हणणार, "मधे काहीतरी खाल्लंत." नव्यानं लागलेल्या एका मुलीला वाटलं, सरांना दिसत नाही. तिनं दुपारी त्यांचा हात धरून त्यांना अलगद कँटीनपर्यंत नेलं. सर निमूट गेले. तिथं पोचल्यावर म्हणाले, "आभारी आहे. पण मला चहा नको होता."

दिसतं हो त्यांना, सगळं दिसतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणूस डोळ्यांनी वाचतो तेव्हा त्याला हवं तेच वाचतो, आणि तोंडानं वाचलं की लिहिलेलं वाचावं लागतं. वाईट याचंच वाटतं, की निम्म्या वेळा वाचता वाचता आपली चूक आपल्यालाच दिसते. मग सर खुर्ची परत फिरवतात आणि म्हणतात, "बघा, मी काहीच केलं नाही. या आता." अशा वेळी त्यांच्या टेबलावरचा स्टीलचा पेला उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटतो. मी गेली कित्येक वर्षं तो मोह आवरते आहे.

आमची कंपनी हडपसरला आहे, छोटीशी. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॉल्या तोलायचा मोठा वजनकाटा असतो ना, त्यावर चालणारे प्रोग्रॅम आम्ही करतो. मी जवळच्याच मांजरी गावची. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्यात माझं बालपण गेलं, त्यामुळे आता त्याच ट्रॉल्यांचा हिशेब चोख ठेवायचं काम माझ्या वाट्याला आलं, हे योग्यच झालं म्हणायचं. काट्याचा मूळ प्रोग्रॅम सरांनी लिहिलेला. मी त्यांच्या हाताखाली शिकले, पुढे कागदोपत्री त्यांची वरिष्ठ झाले, आणि सरांनी या घटनेची अजून दखल घेतलेली नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंटाळा आला तर मला बोलू नका, सरांना बोला. मोठा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांत लिहितात. काही तुकडे आपले, काही बाहेरून आणलेले. बाहेरच्या तयार गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. प्रत्येक तुकडा मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर, आणि सगळे तुकडे एकत्र शिवतो तो लिंकर. मेख अशी आहे, की बाजारात कंपायलर अनेक, आणि प्रत्येक जण आतल्या कामांच्या नावांना आपापल्या पद्धतीचं शेपूट लावतो. लायब्ररी एका कंपायलरची आणि आपला प्रोग्रॅम दुसऱ्याचा असला, की लिंकर बिचारा भलतंच शेपूट असलेलं नाव घेऊन दारात उभा राहतो. हवं ते काम आत बसलेलं असतं, आणि हा बाहेर बोंब मारतो, असं इथं कुणी राहत नाही.

"लग्नात नाव बदललेल्या मुलीला सासरी जाऊन माहेरच्या नावानं शोधलंत, तर काय उत्तर मिळेल?" सर विचारतात. "मुलगी आत स्वयंपाकघरात असते, मॅडम. आहे, पण सापडत नाही."

हे त्यांचं लाडकं वाक्य. चष्मा, पार्किंगमधली जागा, डब्यातलं मीठ, सगळ्याला तेच. एकदा एक ग्राहक थेट आत आले आणि त्यांनी विचारलं, "तुमचे मोठे साहेब आहेत का?" सर म्हणाले, "आहेत, पण सापडत नाहीत." साहेब तेव्हा मागेच उभे होते.

आणि त्यांचा नियम एकच: एका घरात एकच कंपायलर. सगळे तुकडे एकाच कंपायलरमधून काढा, नाहीतर माझ्याकडे रडत यायचं नाही. हा नियम त्यांनी जगातल्या सगळ्या वस्तूंना लावलेला आहे. मीटिंगरूमच्या एसीच्या रिमोटमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल आहेत, हे लक्षात आल्यावर त्यांनी दोन्ही काढून टेबलावर आडवे ठेवले. "अहो सर, चालतोय की रिमोट!" मी म्हटलं. "चालतोय हे तुम्ही त्याच्या बाजूनं बोलताय. त्या सेलना विचारलंत का?" ऐन मे महिन्यात आम्ही ती मीटिंग रुमालानं वारा घेत पार पाडली. एका मुलानं हिंमत करून म्हटलं होतं, "पण सर, माझ्या मशीनवर माझा प्रोग्रॅम चालतो." सर म्हणाले, "वा! मग कारखान्याला तुमच्या खुर्चीत आणून बसवू."

आता या माणसाचं एक दुखणं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सरांना एक मुलगा आहे, समीर. तोही आमच्याच धंद्यातला, बाणेरच्या कुठल्याशा कंपनीत. आणि बापलेकांचं बोलणं नाही.

"भांडण झालंय का?" मी एकदा विचारलं होतं.

"छे हो," सर म्हणाले. "भांडायला आधी बोलावं लागतं."

ते खरं होतं. मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा शमीमभाभी होत्या. सरांच्या मिसेस. टेबलाच्या या टोकाला सर, त्या टोकाला समीर, मधे भाभी. सर भाभींना म्हणाले, "त्याला सांग, गाडीचं मागचं चाक बसलंय." समीर भाभींना म्हणाला, "अब्बांना सांग, सकाळीच पंक्चर काढलं." तीन हातांवर बसलेली माणसं! भाभी दोन्ही वाक्यं पुन्हा एकदा म्हणायच्या, जरा गोड करून, आणि म्हणता म्हणता दोघांना वाढायच्या. मला तर हसू आवरेना. भाभी म्हणाल्या, "हसू नका, यांच्यात हे असंच चालतं. मी माहेरी गेले की दोघं घरात मुकाट्यानं वावरतात."

भाभी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. समीर नोकरी जवळ म्हणून बाणेरला राहायला गेला, सर भवानी पेठेतल्या घरात एकटे उरले. मधलं माणूसच गेलं, आता निरोप द्यायचा कुणाकडे? फोन व्हायचे. मी ऐकलेत ते. "बराय का?" "बरा आहे." "ठेवू?" "ठेव." त्यात मेहुणीकडून सरांच्या कानावर आलं, की समीरची कंपनी त्याला जर्मनीला पाठवणार आहे. हे त्यांनी मला पार्किंगमध्ये सांगितलं. आधी हेल्मेट घातलं, काच खाली केली आणि मग सांगितलं.

"जायच्या आधी त्याच्याशी नीट बोलायचंय, मॅडम. पण सुरुवात कुठून करतात, तेच मला माहीत नाही."

मी म्हटलं, "सर, फोन करा आणि बोला, त्यात काय!" त्यांनी गाडी सुरू केली. मलाच नंतर माझ्या बोलण्याची लाज वाटली.

त्याच सुमारास काट्यावर कॅमेरा बसवायचं काम आलं. ट्रॉली काट्यावर चढली, की कॅमेऱ्यानं ट्रॅक्टरची नंबरप्लेट वाचायची. नंबर ओळखणारी लायब्ररी आम्ही काही घरी करणार नव्हतो, बाहेरून घ्यायची होती. दोन कंपन्यांच्या लायब्रऱ्या नमुन्याला आल्या. मी भावाच्या लग्नाच्या गडबडीत होते, त्यामुळे तपासायचं काम सरांकडे दिलं. परत आले तर सर म्हणाले, "बाणेरवाल्यांची घ्या. चिखलानं माखलेली प्लेटही वाचते."

सरांचा शब्द म्हणजे संपलं. मी मंजुरी देऊन टाकली. लायब्ररी प्रोग्रॅमला जोडली आणि स्क्रीनभर एरर. वरून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं आणि ॲट. मी तपासलं, तर लायब्ररी चक्क वेगळ्या कंपायलरची! आणि आम्हाला आमचा कंपायलर बदलायची सोय नाही. काट्याच्या यंत्राशी बोलणारी जी जुनी लायब्ररी आहे ती त्याच जुन्या कंपायलरची, आणि ती करणारी कंपनी कधीच बुडाली.

मी तणतणत सरांकडे गेले. "सर, तुमचा तो नियम कुठे गेला? एका घरात एकच कंपायलर?"

"नियमालाही कधीतरी ऊन दाखवावं," सर म्हणाले.

"अहो, हंगाम तोंडावर आलाय! कारखानेवाले माझा जीव खातील!"

"मग लायब्ररीवाल्यांना लिहा. मी सांगतो, तुम्ही लिहा."

मी लिहिलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, आणि खाली नाव होतं समीर तांबोळी.

"सर, हा तुमचा समीर?"

"हो."

"त्याच्या कंपनीची आहे ही लायब्ररी?"

"त्यानंच लिहिली आहे," सर म्हणाले आणि पेला धुवायला निघून गेले. मला वाटलं, योगायोग. बाणेरला कंपन्या पायलीच्या पन्नास, पण शेवटी पुणंच ते, कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच.

मग माझी हमाली सुरू झाली. सर शेजारी उभे राहून सांगायचे, "त्यांना लिहा, नावांना शेपूट नको. एक साधा पदर मधे घाला. 'एक्स्टर्न सी' लावा." एक्स्टर्न सी म्हणजे कंपायलरला दिलेली तंबी, की बाबा रे, या नावाला तुझं काही चिकटवू नकोस, जसं आहे तसं बाहेर जाऊ दे. साधं नाव कुठल्याही कंपायलरला कळतं. समीर उत्तर द्यायचा, "सरांना सांगा, काही ठिकाणी लावलं आहे, नवी आवृत्ती पाठवतो." नवी आवृत्ती यायची, थोड्या एरर कमी व्हायच्या, थोड्या उरायच्या. उरलेल्या मी मोठ्यानं वाचायची, सर पाठ करून ऐकायचे, मग पुन्हा पत्र. मी विचारलं, "सर, एकदाच काय ते सगळं का नाही सांगत त्याला?" सर म्हणाले, "एका वेळी एक. घाई केली की गोंधळ होतो."

शेवटी मी वैतागून कॉल लावला. मीटिंगरूममध्ये सर आणि मी, पडद्यावर समीर. दाढी ठेवलेली, बाकी हुबेहूब सर.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, त्यांना विचारा, मजकूर ते कुठल्या प्रकारात परत देतात?"

पडद्यावरून समीर म्हणाला, "मॅडम, सरांना सांगा, स्ट्रिंगमध्ये."

"मॅडम, त्यांना सांगा, स्ट्रिंग प्रत्येक कंपायलरची निराळी असते. साधी अक्षरं द्यावीत."

"मॅडम, सरांना सांगा, बरोबर आहे त्यांचं."

"अहो, तुम्हा दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय ना?" मी ओरडलेच. "मी काय खांब आहे का मधे? बोला तुमचे तुम्ही, मी चहा घेऊन येते." आणि खरंच उठून गेले. मुद्दाम वेळ काढला. चहा घेतला, कँटीनमधल्या ताईंशी त्यांच्या सुनेबद्दल बोलले, परत आले. दार उघडलं, तर सर टेबलाकडे बघत बसलेले, समीर पडद्यावर खाली बघत बसलेला.

"काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले. "तुम्ही गेलात, म्हणून थांबलो होतो."

पडद्यावर समीरनं मान हलवली. मी खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसले आणि म्हटलं, "हं, कुठपर्यंत आलो होतो आपण?"

शेवटची एक एरर काही केल्या जाईना. पत्रांनी होईना, कॉलनं होईना. तेव्हा समीर लॅपटॉप घेऊन स्वतःच हडपसरला आला. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोघं एका टेबलाशी शेजारी शेजारी बसले. मी त्या खोलीकडे फिरकलेच नाही, कुणाला फिरकू दिलं नाही. काचेतून दिसत होतं, की बराच वेळ दोघं नुसते स्क्रीनकडे बघतायत. मग सरांनी बोट लावून काहीतरी दाखवलं. समीर काहीतरी बोलला. सर बोलले. स्क्रीनकडे बघत का होईना, पण थेट बोलत होते. संध्याकाळी प्रोग्रॅम जुळला. चिखलानं माखलेली प्लेट कॅमेऱ्यानं बिनचूक वाचली, आणि दोघांचेही चेहरे पडले. काम झाल्यावर इतकी दुःखी झालेली माणसं मी आमच्या धंद्यात दुसरी पाहिली नाहीत.

समीर निघताना म्हणाला, "अब्बा, पुढच्या महिन्यात जर्मनीला जायचंय."

"कळलं होतं," सर म्हणाले. जिन्यापर्यंत सोडायला गेले ते खालपर्यंत गेले, आणि बऱ्याच वेळानं वर आले.

हंगाम सुरू झाला, कॅमेरा चालू लागला. समीर गेला. एके दिवशी दुसऱ्या लायब्ररीवाल्यांचे लेले म्हणून विक्रीवाले गृहस्थ आमच्याकडे आले. नाराज होते.

"मॅडम, एक विचारू? आमची का नाकारलीत? तुमच्या तांबोळी सरांनी माझ्यासमोर लावून बघितली होती. एक एरर नाही! पहिल्या फटक्यात जुळली. कुठल्याही कंपायलरला चालेल अशीच केलीय आम्ही ती."

"आणि चिखलातली प्लेट?"

"तीही वाचली की! सरांनी स्वतः हातानं चिखल फासला होता."

लेल्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मी सरांच्या टेबलाशी गेले. चांगलीच तापले होते. हंगामाच्या तोंडावर माझी झोप उडाली होती, कारखान्याच्या शिव्या मी खाल्ल्या होत्या.

"सर, लेल्यांची लायब्ररी पहिल्या फटक्यात जुळली होती?"

"जुळली होती."

"आणि तरी तुम्ही ती दुसरी घ्यायला लावलीत? वेगळ्या कंपायलरची? माहीत असून?"

"माहीत असून." सरांनी चष्मा काढला. "मॅडम, लेल्यांची जुळली. संपलं. त्यात कुणाला फोन करायची वेळच आली नसती. समीरची जुळणार नाही हे मला दिसत होतं. म्हटलं, निदान दोन महिने तरी पत्रं येतील-जातील. तुम्हाला त्रास झाला. रागवा, तुमचा हक्क आहे."

काय रागावणार? मला भरून आलं. मी म्हटलं, "निदान मला सांगायचं तरी, सर. मी मधे खांबासारखी उभी राहिले ती जरा आनंदानं राहिले असते."

"सांगितलं असतं, तर तुम्ही एका दिवसात सगळं जुळवून दिलं असतं," सर म्हणाले.

लायब्ररीची देखभाल समीरकडेच राहिली होती, तिकडूनही. परवा त्याची नवी आवृत्ती आली. मी दुपारी जोडली आणि लगेच एरर. बघते तर एका कामाच्या नावाला एक्स्टर्न सी लावायचं राहिलेलं. बाकी सगळ्यांना लावलंय, नेमकं एकालाच नाही. इतके महिने त्याच एका गोष्टीवर डोकं घासलेला मुलगा ही चूक करेल? शक्यच नाही. मुद्दाम ठेवली होती. बापाचाच मुलगा.

मी सरांना म्हटलं, "किरकोळ आहे, सर. मी इथल्या इथे करून टाकते."

"हात लावू नका," सर म्हणाले.

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. माझ्याकडे दिला नाही, मला काही सांगितलं नाही. स्वतः नंबर लावला.

"समीर? अब्बा बोलतोय. तिकडे सकाळ असेल ना? बरं. हे तुझं नवीन जुळत नाहीये रे."

पलीकडून समीर सांगू लागला. आवाज मलाही ऐकू येत होता. कुठल्या फाईलमध्ये काय राहिलंय, कुठल्या ओळीवर काय लावायचं, सगळं त्यानं इतकं स्वच्छ सांगितलं, की कालच शिकायला लागलेल्या पोरालाही कळलं असतं. सांगून झाल्यावर तो थांबला. तांबोळी सर, ज्यांनी हे सगळं आम्हाला शिकवलं ते तांबोळी सर, फोन कानाशी घट्ट धरून म्हणाले,

"नाही कळलं मला. पहिल्यापासून सांग."